खोली महाग करण्याआधी शांत करा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि मुंबईकराचा कसाऱ्याच्या घाटातला खोळंबा टळला. सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ चे ठरले. या दोन्हींच्या जोरावर गंगापूर धरणाच्या काठाने, त्र्यंबक रस्त्याला आणि घोटी-इगतपुरीच्या पट्ट्यात रिसॉर्ट आणि व्हिलांची कामे निघाली आहेत, आणि जाहिरातीत जो तो आपल्या नावापुढे 'लक्झरी' लावतो आहे. आम्ही हॉटेलांची देखभाल, हाउसकीपिंग आणि स्वयंपाकघर सांभाळणारी माणसे. जी कामे अजून विटा-सिमेंटच्या पायरीवर आहेत त्यांच्या मालकांपर्यंत आणि वास्तुरचनाकारांपर्यंत काही गोष्टी वेळेत पोहोचाव्यात म्हणून हे पत्र. एकदा प्लास्टर चढले की यातल्या बऱ्याच गोष्टी फोडाफोड केल्याशिवाय दुरुस्त होत नाहीत.

रात्रीला पंधरा-वीस हजार मोजणारा पाहुणा गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदलला. बुकिंगच्या फोनवर तो काय विचारतो ते ऐकले की बदल लक्षात येतो. "त्या दिवशी तुमच्या लॉनवर लग्न आहे का?" "दोन खोल्या आतून जोडलेल्या मिळतील का? आईबाबा आणि मुलं बरोबर आहेत." "आईचे गुडघे दुखतात, पायऱ्या किती आहेत?" "गाडी चार्ज होईल ना?" "जैन जेवण वेगळं बनवता, की नुसता कांदा-लसूण वगळून देता?" "सकाळी लवकर पोचलो तर खोली मिळेल?" संगमरवर कुठला, झुंबर केवढे, हे कुणी विचारत नाही. त्याला हवी आहे शांतता, सगळ्या घराला एकत्र राहता येण्याची सोय, इथले अन्न, आणि मोजून काढलेल्या दोन दिवसांतला एकही तास वाया न जाणे. नवी बांधकामे मात्र अजून लॉबीवर पैसा ओततात आणि खोलीच्या भिंतीत काटकसर करतात.

भिंतीपासूनच सुरुवात करू. दोन खोल्यांमधली भिंत चार इंची ठेवली की जागा वाचते, पण शेजारचा टीव्ही ऐकू येतो. नऊ इंची विटांची, दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली भिंत घालावी. हलके ब्लॉक वापरायचेच असतील तर दोन भिंती उभारून मधल्या पोकळीत रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) भरावे. याहून मोठी आणि सर्रास दिसणारी चूक वेगळी आहे. भिंत फॉल्स सीलिंगच्या उंचीपर्यंत नेऊन थांबवतात आणि वरचा दीड-दोन फुटांचा भाग डक्ट-वायरसाठी मोकळा सोडतात. मग भिंत कितीही जाड असो, आवाज वरून फिरून शेजारी उतरतो. भिंत स्लॅबला टेकलीच पाहिजे आणि पाइप-वायर जिथून जातात ती भोके सीलंटने बुजवली पाहिजेत. दोन खोल्यांचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून बसवू नयेत, कारण तेवढ्या जागी भिंत नावापुरती उरते. पलंगाचे डोके शेजारच्या बाथरूमच्या भिंतीला लागत असेल तर रात्री फ्लश ओढल्याचा आवाज थेट उशीत येतो. हे नकाशावर पाच मिनिटांत दिसते आणि तिथेच बदलता येते.

दार पोकळ असून चालत नाही. ३५ ते ४० मिलिमीटरचे भरीव दार, चौकटीला रबरी पट्टी आणि दाराखाली ड्रॉप सील, म्हणजे दार लावले की खाली उतरून फट बंद करणारी पट्टी. कॉरिडॉरमधल्या गप्पा आत येतात त्या बहुधा या अर्ध्या इंचाच्या फटीतून. जोडखोल्यांना मागणी वाढली आहे आणि वाढत राहील, पण मधले दार एकच ठेवले तर तीच खोली वेगवेगळ्या पाहुण्यांना देता येत नाही. तिथे दोन दारे लागतात, प्रत्येक खोलीच्या बाजूने एक, दोन्हींना सील आणि दोन्हींना आतून कडी.

अंधाराचेही तसेच. ब्लॅकआउट पडदा घेतला म्हणजे अंधार झाला असे नाही. पडदा खिडकीच्या चौकटीपलीकडे दोन्ही बाजूंना निदान १५ सेंटिमीटर जायला हवा, मध्यभागी दोन पल्ले एकमेकांवर १० ते १५ सेंटिमीटर चढायला हवेत आणि वर पेल्मेट, म्हणजे पडद्याची दांडी झाकणारी पेटी, हवा, नाहीतर छतावर उजेडाचा पट्टा पडतो. तपासायची रीत सोपी आहे. भर दुपारी पडदे ओढावेत, दिवे घालवावेत आणि पाच मिनिटे पलंगावर पडून राहावे. डोळे सरावले की गळती आपोआप दिसते, आणि टीव्हीचा लाल दिवा, स्विचमधला निऑन, एसीवरचा आकडा हेही दिसतात. स्मोक डिटेक्टरचा दिवा सोडून बाकी सगळे झाकता येतात किंवा तशी उपकरणे निवडता येतात. पूर्वेकडे द्राक्षबाग दिसणाऱ्या खोलीचा दर जास्त असतो आणि उन्हाळ्यात तिथेच सहाला डोळ्यांवर ऊन येते, हे ध्यानात ठेवावे.

आता रात्री अडीचला वीज गेली असे धरू. जनरेटर आपोआप सुरू व्हायला दहा-पंधरा सेकंद लागतात. तेवढ्यात एसी बंद पडतो, वीज आल्यावर 'बीप' वाजवतो आणि कॉम्प्रेसर साधारण तीन मिनिटांनी चालू होतो. वायफायचा राउटर पुन्हा उभा राहायला आणखी दोन-तीन मिनिटे. काही ठिकाणी वीज परतली की खोलीतले सगळे दिवे एकदम पेटतात, कारण दिव्यांच्या नियंत्रकाला आधीची स्थिती लक्षात ठेवायला शिकवलेलेच नसते. झोपलेले लहान मूल तिथेच उठते. राउटर आणि दिव्यांचे नियंत्रक छोट्या यूपीएसवर घ्यावेत, एसीचा बीप सेटिंगमधून बंद करावा, जनरेटरला ध्वनिरोधक आवरण असले तरी तो रबरी पायांवर आणि खोल्यांपासून दूर बसवावा. उशांचा मेनू, म्हणजे पाहुण्याला हवी ती उशी निवडू देणे, हा त्यानंतरचा विषय. तो करायचा तर मऊ, कडक आणि कमी उंचीची अशा तीनच प्रकारच्या उशा पुरतात. प्रत्येक प्रकार खोल्यांच्या संख्येच्या पंधरा-वीस टक्के ठेवावा आणि प्रत्येक उशीला धुता येणारे आतले आवरण असावे, नाहीतर पावसाळ्यात उशीला कुबट वास धरतो.

झोपेच्या आड सर्वांत जास्त काय येत असेल तर ते लॉनवरचे लग्न. लग्नाचे उत्पन्न मोठे आहे, ते सोडा असे आम्ही म्हणत नाही. पण एकाच तारखेला एकाला लग्न आणि दुसऱ्याला 'निसर्गाच्या कुशीत शांतता' विकणे ही फसवणूक आहे. उघड्यावरचे ध्वनिवर्धक रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे. दहाला डीजे थांबला तरी मंडप सोडणाऱ्यांची धातूची आदळआपट दोन वाजेपर्यंत चालते, आणि ती कुठल्या वेळापत्रकात लिहिलेली नसते. मांडववाल्याच्या करारातच सोडणीची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी आठनंतरची घालावी. आणि ज्या रात्री लग्न आहे त्या रात्रीच्या बाकीच्या पाहुण्यांना ते बुकिंगच्या वेळी सांगावे. इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रावर १९७६ पासून लोक जगभरातून दहा-दहा दिवस मौनात बसायला येतात. शांततेसाठी येणारा माणूस या परिसराला नवा नाही, त्याला आपण गमावू नये.

गरम पाण्याचा हिशेब मालकांना क्वचितच कुणी मांडून दाखवतो, म्हणून तो इथे मांडतो. हीट पंप, म्हणजे पाणी तापवणारे यंत्र, एका टोकाला आणि शेवटची खोली साठ मीटरवर आहे. आतून २५ मिलिमीटर व्यासाच्या पाइपमध्ये त्या अंतरात जवळजवळ तीस लिटर पाणी असते. ते रात्रभर गार झालेले असते. शॉवर मिनिटाला दहा लिटरचा असेल तर पाहुणा तीन मिनिटे हात धरून उभा राहतो आणि तीस लिटर पाणी गटारात जाते. अशा वीस खोल्या आणि दिवसातून दोन आंघोळी धरल्या तर बाराशे लिटर. यावरचा उपाय म्हणजे रिटर्न लाईन: शेवटच्या खोलीपासून टाकीकडे परत येणारा बारीक पाइप आणि छोटा पंप, ज्याने गरम पाणी सतत फिरते राहते. दोन्ही पाइपांना नायट्राइल फोमचे आवरण हवे. टाकीत ६० अंश आणि परतीच्या पाण्यात किमान ५० अंश राखावे. साठलेले कोमट पाणी लिजिओनेलासारख्या जंतूंना पोषक असते. नळाशी थर्मोस्टॅटिक मिक्सर असला की आजींच्या अंगावर एकदम कढत पाणी येत नाही. ही लाईन फरशीखालून जाते, म्हणून तिचा निर्णय आजच घ्यावा लागतो. बोअरचे पाणी जड असेल तर सॉफ्टनर, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारे यंत्र, लावावा आणि त्यातले मीठ वेळेवर टाकणारा माणूस नेमून द्यावा. मीठ संपले की दोन-तीन आठवड्यांत शॉवरची भोके पांढरी होऊन पाणी वाकडे उडू लागते.

चादर-टॉवेलमध्ये आकड्यांचे आकर्षण फार. एक हजार थ्रेड काउंटची (चौरस इंचातल्या धाग्यांची संख्या) चादर म्हणजे बहुतेक वेळा पिळाचे अनेकपदरी धागे मोजलेले असतात. ती जड होते, उकडते आणि उशिरा वाळते. तीनशेच्या आसपासची शुद्ध सुती परकेल, म्हणजे साध्या विणीची, चादर नाशिकच्या हवेला योग्य. टॉवेलचेही तेच. ७० बाय १४० सेंटिमीटरचा ६०० जीएसएमचा (चौरस मीटरमागे ग्रॅम वजन) टॉवेल कोरडा सुमारे ५९० ग्रॅम भरतो, ८०० जीएसएमचा ७८५ ग्रॅम. दिवसाला १२० टॉवेल धुतले तर फरक साडेतेवीस किलोचा, म्हणजे २५ किलोच्या ड्रायरची जवळजवळ एक पूर्ण फेरी जास्त. पावसाळ्यात ती फेरी होत नाही, टॉवेल अर्धओला घडी होतो आणि पाहुणा तोंड पुसताना नाक मुरडतो. प्रत्येक खोलीमागे कापडाचे तीन संच हा किमान नियम: एक पलंगावर, एक लॉन्ड्रीत, एक कपाटात. इगतपुरीच्या बाजूला जून ते सप्टेंबर चार लागतात.

शनिवार-रविवारचा ताण हा इथला खास प्रश्न. पाहुणे मुंबई-पुण्याचे, दोन रात्रींचे आणि गाडीने येणारे. सकाळी सातला निघालेले कुटुंब साडेदहा-अकराला दारात हजर होते, खोली मात्र दोनला मिळणार असते. महागडी खोली नीट तयार करायला एका माणसाला ४५ मिनिटे ते तास लागतो. चोवीस खोल्या अकराला रिकाम्या होऊन दोनला द्यायच्या असतील तर सात-आठ माणसे लागतात. मंगळवारी दोन पुरतात. म्हणून भरती मंगळवारच्या हिशेबाने होते आणि शनिवारी खोली घाईत मिळते: मोरीच्या जाळीत केस, ओली फरशी, आदल्या पाहुण्याचा चार्जर. काही हॉटेलांनी यावर चांगली वाट काढली आहे. लवकर आलेल्यांसाठी लॉकर असलेल्या दोन स्वच्छ आंघोळीच्या खोल्या, आल्या आल्या नाश्ता, आणि रविवारी थोडे पैसे घेऊन संध्याकाळी सहापर्यंत मुक्काम. त्याने चेकआउट विखुरतात आणि झाडणाऱ्या बाईची कंबरही वाचते. पण पाहुण्याला आधी विचारले तरच हे जमते. दोन दिवस आधी फोन करावा: कधी पोचणार, कोण कोण आहे, काय खात नाही, जिना चालेल का, गाडी इलेक्ट्रिक आहे का. उत्तरे एका कागदावर स्वयंपाकघर, हाउसकीपिंग आणि रिसेप्शन या तिघांकडे गेली पाहिजेत. शेंगदाण्याची ॲलर्जी रिसेप्शनच्या वहीत लिहिलेली आणि स्वयंपाक्याला ठाऊक नाही, असे घडते आणि ते जिवावर बेतू शकते. नाशिकच्या रस्सा-चटण्यांत शेंगदाणा कुठे कुठे असतो ते वेगळे सांगायला नको.

खोलीला लागून स्वतःचा छोटा पोहण्याचा तलाव हा आजचा जोरातला प्रकार. पाच बाय तीन मीटर, सव्वा मीटर खोल म्हणजे पावणेएकोणीस हजार लिटर. पाणी कमी असल्याने तेल-क्रीम लावलेली दोन माणसे उतरली तरी क्लोरिन झपाट्याने खर्च होते. दिवसातून दोनदा पीएच ७.२ ते ७.६ आणि मोकळे क्लोरिन १ ते ३ पीपीएम आहे का ते पाहावे, आणि पंप झोपायच्या खोलीच्या भिंतीला चिकटवू नये.

दराविषयी एक मुद्दा, कारण त्याचा थेट परिणाम सेवेवर होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, पण हॉटेलला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यावरच्या खोलीवर १८ टक्के, वजावटीसह. ७,५०० ची खोली पाहुण्याला ७,८७५ ला पडते, ७,६०० ची ८,९६८ ला. शंभर रुपयांसाठी १,०९३ रुपयांचा फरक! त्यामुळे दर एकतर ७,४९९ ला अडकतो, किंवा खोलीत काहीही न बदलता एकदम दहा हजारांवर उडी मारतो. १ एप्रिल २०२५ पासून आणखी एक अट आली: मागच्या आर्थिक वर्षात एक जरी खोली ७,५०० च्या वर विकली असेल तर त्या जागेतल्या रेस्टॉरंटवर पुढचे वर्षभर १८ टक्के. ३१ डिसेंबरच्या एका रात्रीसाठी नऊ हजार घेतले की वर्षभर मिसळही १८ टक्क्यांची होते. मालकांनी हिशेबनिसाला विचारून दर ठरवावेत, आणि एकदा रेषा ओलांडलीच तर ते पैसे भिंत, पाणी आणि माणसे यांत दिसू द्यावेत.

पाहुणा नाशिकला येतो तो बहुतेक द्राक्ष आणि वाइनच्या ओढीने. पण मे महिन्यात घड दाखवा म्हणणाऱ्याला कुणी आधी सांगत नाही की एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (तोडणी झाल्यावरची छाटणी) बागेत नुसती कोवळी फूट असते. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी (फळासाठीची), डिसेंबरच्या सुमारास मण्यात पाणी उतरते, वाइनची तोडणी जानेवारी ते मार्च. तोडणी पहाटेच्या गारव्यात चालते, म्हणून ती दाखवायची तर साडेपाचला चहा द्यावा. दहाला नेलेल्या पाहुण्याला रिकामी क्रेट दिसतात. बागेत फिरवण्याआधी बागायतदाराला फोन करून फवारणी कधी झाली ते विचारावे. ताज्या फवारणीत टेबल मांडून नाश्ता वाढणे धोक्याचे आहे. वाइन देताना तापमान पाळावे: पांढरी ८ ते १० अंश, लाल १६ ते १८. 'लाल वाइन खोलीच्या तापमानाला' हा नियम थंड देशातल्या खोल्यांचा आहे. एप्रिलमध्ये आपली खोली ३५ अंशांची असते, त्यात उत्तम शिराज ही लाल वाइनसुद्धा नुसती दारूसारखी लागते. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस, त्यानंतर ती ग्लासावारी विकू नये.

'शेतातून ताटात' असे मेनूवर छापणे सोपे. सुरगाण्याची स्ट्रॉबेरी, इगतपुरीचा इंद्रायणी तांदूळ, पेठची नागली, वरई ही सगळी दारात आहेत. मग अडते कुठे? पैसे देण्यात. हॉटेलचा हिशेब विभाग ४५ दिवसांनी बिल चुकते करतो आणि पाड्यावरच्या शेतकऱ्याला आठवड्याच्या बाजाराला रोख लागते. तो दोनदा माल देतो, तिसऱ्यांदा येत नाही, आणि खरेदीवाला पुन्हा बाजार समितीत जातो. आठवड्याच्या आत पैसे ही एकच गोष्ट पाळली तर पुरवठा टिकतो. नागलीचे पीठ उकड काढून मळावे लागते, नाहीतर भाकरी थापताना चिरते. ती बुफेच्या झाकणाखाली दहा मिनिटांत वातड होते. तव्यावरून थेट ताटात द्यायची असेल तरच मेनूत ठेवावी.

शेवटचा मुद्दा ज्याच्याविषयी कुठल्याच माहितीपत्रकात एक ओळ नसते, त्या ड्रायव्हरचा. महागड्या गाडीतून आलेल्या कुटुंबाला सात जणांची सोय मिळते आणि त्यांना घेऊन आलेला माणूस पार्किंगमध्ये सीट मागे पाडून डासांत झोपतो. दुसऱ्या दिवशी तोच त्या कुटुंबाला समृद्धीवरून ताशी शंभरच्या वेगाने परत नेतो. तीस खोल्यांच्या हॉटेलला दहा पलंगांची एक खोली, दोन संडास, दोन न्हाणीघरे, पंखे, जाळ्या, लॉकर आणि कर्मचाऱ्यांच्या भोजनगृहात ताट एवढे पुरते. सगळे मिळून जेमतेम आठशे चौरस फूट. ज्यांचे नकाशे अजून मंजुरीला जायचे आहेत त्यांनी ही खोली तळघरात नव्हे, तर खिडकी उघडेल अशा ठिकाणी आखून घ्यावी.

आपले,
हॉटेल देखभाल, हाउसकीपिंग आणि स्वयंपाकघरात काम करणारे काही वाचक,
नाशिक